आत्यासोबत लालपरीनं, नर्सी ते शिऊर

आमच्या आत्याला पंच्याहत्तर पूर्ण झाली आणि एसटी फुकट झाली, तेव्हापासून ती घरात टिकेना. २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना तिकीटच नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धं, म्हणजे दोघींचं मिळून अर्धं तिकीट, एवढ्या स्वस्तात आख्खा मराठवाडा फिरता येतो हे तिनंच मला हिशोब मांडून दाखवलं. येळवस (वेळ अमावस्या) झाली होती, रानात हुरडा आला होता, मला रजा शिल्लक होती. ती म्हणली पंढरपूर लई झालं, आता संतायच्या गावाला जाऊ, आणि त्यातही बायांच्या.

आत्याबद्दल आधीच सांगते म्हणजे पुढचं कळेल. गाव गंगाखेड तालुक्यातलं, नवरा लवकर गेला, शेत तिनंच केलं, गडी-माणसं तिनंच सांभाळली, बचत गटाचं रजिस्टर अजून तिच्याकडंच. स्वभाव पक्का मुकादमाचा. कुणी काय करायचं हे सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. गळ्यात तुळशीची माळ, हरिपाठ तोंडपाठ, ज्ञानेश्वरीची पारायणं किती झाली ते तिलाही आठवत नसंल. आणि गावातल्या सप्ताहात इतक्या वर्षांत तिच्या वाट्याला आलेलं काम काय, तर पोळपाट.

सोमवार : औंढा, नर्सी

परभणीहून सकाळची गाडी पकडून औंढ्याला उतरलो. औंढा नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांतलं, बाहेरचं कोरीव काम बघत बसलं तर दिवस पुरणार नाही, पण गाभारा खाली आहे आणि पायऱ्या इतक्या अरुंद की आत्या अक्षरशः बसून बसून उतरली. वर आल्यावर तिथल्या एका काकांनी नेहमीची गोष्ट सांगितली. विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून झोपले होते, नामदेव म्हणले पाय काढा, विसोबा म्हणले जिथं देव नसंल तिथं ठेव बाबा, आणि जिकडं पाय ठेवावे तिकडं पिंड. तिथंच नामदेवांना गुरू मिळाले. दुसरी गोष्ट नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही म्हणून ते पाठीमागं गेले आणि देऊळच फिरलं, म्हणून इथं नंदी मागच्या बाजूला. काका मोठ्या भक्तीनं सांगत होते, शिंप्याच्या पोरासाठी देवळानं तोंड फिरवलं.

मी सहज म्हणलं, बाईसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट कुठं ऐकली का गं आत्या?

"बाया भाईर उभ्याच नव्हत्या माय, त्या घरी भाकरी करायल्या होत्या. देऊळ फिरून बघल कुणाकडं?"

काका हसले. आत्या हसली नाही.

हिंगोलीवरून नर्सीला जीपनं गेलो, कयाधूच्या काठचं गाव. नामदेवांचा जन्म १२७० चा, जन्मगाव हेच. गावात गुरुद्वाराही आहे कारण गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, पंजाबातून लोक येतात. लंगरमधे एक दाढीवाले काका तव्यावर रोट्या उलटत होते आणि शेजारी बाई लाटत होती. आत्या बराच वेळ काकांच्या हाताकडं बघत उभी. जमतंय की ह्यायला, एवढंच बोलली.

नामदेवांच्या घरच्या बायकांबद्दल मला आधीपासून कुतूहल. आई गोणाई, बायको राजाई, दोघींच्याही नावावर अभंग आहेत आणि ते काही नुसते गोड गोड नाहीत. राजाई सरळ रखुमाईकडं तक्रार घेऊन जाते की तुझ्या नवऱ्याच्या नादानं माझा नवरा वाया गेला, घरात खायला नाही. एका संताची बायको असण्याचा खर्च काय असतो हे तिच्या अभंगात दिसतं, कीर्तनात मात्र हे अभंग लावलेले मी फारसे ऐकले नाहीत. मुक्कामाला परत परभणी, उगाच लॉजचा खर्च कशाला.

मंगळवार : गंगाखेड

गंगाखेड म्हणजे आत्याचं तालुक्याचं ठिकाण, त्यामुळं बसस्टँडवर उतरल्यापासून ओळखीचे भेटत गेले आणि मंदिरात पोचायला उशीर झाला. गोदावरीचा घाट, पाणी बऱ्यापैकी, काठावर दशक्रिया विधी चालू. जनाबाई इथली. आईबाप लहानपणी तिला पंढरपूरला घेऊन गेले आणि ती दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडलांच्या घरी कामाला राहिली. अभंगात सगळीकडं स्वतःला नामयाची दासी म्हणवते. तीनशेच्या वर अभंग तिच्या नावावर आहेत, आणि त्यात दळण, कांडण, शेणी, पाणी, झाडलोट, सगळं आलंय.

आता माझा मुद्दा ऐका. लहानपणापासून आपल्याला सांगतात की बघा, जनाबाईनं घरकामातच देव पाहिला, म्हणजे बाईनं घरकाम करावं, त्यातच तिचा परमार्थ. पण अभंग नीट वाचले तर काम एकटी जनी करतच नाही. विठोबा तिच्या सोबत दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तुळशीच्या बनात बसून तिच्या डोक्याला लोणी चोळतो. हे जर बायकांच्या स्वभावातलं काम असंल तर देवाचा स्वभाव काय म्हणायचा? हे मी आत्याला घाटावर बसून विचारलं तर तिनं पिशवीतला हुरडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणली, देवाला म्हाईत व्हतं काम किती असतंय, म्हणून आला मदतीला, नवरे लोकांला म्हाईतच नाही.

तिथं पारावर बायांचं भजनी मंडळ बसलं होतं, आठवड्याचा ठरलेला वार. 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' त्यांनी असं काही उचललं की समोरचा रसवंतीवाला मशीन बंद करून ऐकत राहिला. म्हणणाऱ्या सगळ्यांचे पदर डोक्यावर होते, अगदी कपाळापर्यंत. मला वाटलं ह्या ओळीवर एखादी तरी पदर पाडंल. एकीचाही हलला नाही. पण आवाज काय लागला होता राव.

'स्त्री जन्म म्हणवूनी न व्हावे उदास' हाही जनाबाईचाच. ती उदास होऊ नका म्हणते म्हणजे उदास व्हायची कारणं समोर होतीच की.

बुधवार : आत्याचं गाव, सप्ताह

मंगळवारी रात्रीच गावाला पोचलो. अखंड हरिनाम सप्ताह आदल्या दिवशीच बसला होता, मारुतीच्या देवळासमोर मंडप, भोंगे चारी दिशांना, कमानीवर रोजच्या कीर्तनकारांचे फोटो. पहाटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, नंतर जागर. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचा पहारा. देवळाच्या भिंतीला पहाऱ्याची यादी चिकटवलेली, स्केचपेननं रेघा मारून. मी वरपासून खालपर्यंत वाचली. सगळे बापे. रात्री दोन ते चार ह्या रकान्यात दोन दिवस नावच नाही, नुसती रेघ, खाली बारीक अक्षरात 'कोणी तरी घ्यावे'.

पारायणाला बसलेल्यांत मात्र बाया जास्त. एका बाजूला बापे, एका बाजूला बाया, मधून जायला वाट. बायांच्या रांगा मंडपाच्या बाहेर उन्हात गेलेल्या, आणि बाप्यांच्या बाजूला मागं सतरंज्या मोकळ्या. बरं, ती वाट ओलांडून तिकडं बसायला कुणी मना करत नव्हतं, पण बसत कुणीच नव्हतं. एका जागी रेहालावर ग्रंथ कपड्यात बांधून ठेवलेला दिसला. शेजारणीला विचारलं तर ती डोळ्यांनीच म्हणली, अडचण. बाहेरच्या ओट्यावर, चपला काढतात तिथं, एक विशीतली पोरगी बसली होती आणि भोंग्यावर येणाऱ्या ओव्या ओठ हलवून म्हणत होती. तिला त्या पाठ होत्या. ग्रंथ आत, ती बाहेर, आणि आवाज दोघांच्या मधे. आत्यानं तिला चहा नेऊन दिला आणि तिच्या वाटच्या ओव्या शेजारीण वाचणार आहे, काळजी करू नको म्हणून सांगितलं. मला वाटलं आत्या भांडंल. नाही भांडली. ह्या बाबतीत आत्याही तशीच आहे, हे मला पटत नाही आणि तिला माहितीय की मला पटत नाही.

आता जेवणाचं. घरात चूल बाईची, हे सगळ्या गावाला मान्य. पण आमटीची कढई माणसाच्या कमरेएवढी झाली की ती आचाऱ्याची, आचारी बापया, त्याच्या हाताखालचेही बापे, आणि त्याच्या आमटीचं कौतुक माईकवरून होतं. भाकरी मात्र घराघरातून. सकाळी दहाला ट्रॅक्टर निघाला, मागं ट्रॉलीत धोतरं अंथरलेली, दारोदारी थांबत गेला आणि प्रत्येक दारातून बाई दुरडी घेऊन आली. कुणाच्या वीस, कुणाच्या पन्नास, ज्वारीच्या गरम भाकरी, ट्रॉली भरून वाफ निघत होती. ह्या भाकरी ज्यांनी पहाटे उठून थापल्या त्याच बाया आठला पारायणाला बसल्या होत्या. त्यांची नावं माईकवर येत नाहीत, कारण कुणाची भाकरी कुठली हे ट्रॉलीत पडल्यावर कळतच नाही. पंगतीत आधी बापे बसले. वाढपी बापे. बायांची पंगत नंतर. आमटी तेव्हा थोडी पातळ झालेली होती, पण चव होती, खोटं कशाला बोलू.

रात्रीचं कीर्तन. महाराजांचा आवाज चांगला, चाल चांगली, विनोदावर मंडप हसत होता. मग ते घसरले. गीतेचा अठरावा अध्याय काढला, 'कर्माणि प्रविभक्तानि स्वभावप्रभवैर्गुणैः', प्रत्येकाचं कर्म त्याच्या स्वभावातून ठरलंय, आणि बाईचा स्वभाव सेवेचा, ममतेचा, देवानंच तसं घडवलंय, तेव्हा आजकालच्या पोरींनी वगैरे वगैरे. बाया पण माना डोलवत होत्या. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणली, "त्या श्लोकात बाई कुठंय गं? ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र म्हणलंय. स्वभावावरून म्हणलंय. लुगड्यावरून कुठं म्हणलंय?"

मोबाईलवर काढून बघितलं. १८.४१. बरोबर आहे तिचं. बायकांचा उल्लेख आहे तो नवव्या अध्यायात, ९.३२ ला, की स्त्रिया, वैश्य, शूद्र हेही परम गतीला जातात. त्या 'हेही' मधे काय काय आहे ते ज्याचं त्यानं बघावं. पण स्वभावावर काम वाटायचं म्हणलं तर ह्याच मंडपात आधी आत्याला अध्यक्ष करावं लागंल. सध्याचे अध्यक्ष तिचेच पुतणे, अतिशय गरीब स्वभावाचे, कुणी मोठ्यानं बोललं की घाम फुटतो त्यांना, आणि त्यांना खरं जमतं काय तर चहा करायला. दिवसभर स्टोव्हजवळ बसून माणसांना प्रेमानं चहा पाजत होते. सेवेचा आणि ममतेचा स्वभाव बघायचा असंल तर तो तिथं होता.

मला कीर्तनकारांपेक्षा ज्ञानोबा बरे वाटतात. त्याच अठराव्या अध्यायात ते म्हणतात, 'तया सर्वात्मका ईश्वरा, स्वकर्मकुसुमांची वीरा, पूजा केली होय अपारा, तोषालागी'. आपल्या कामाची फुलं करून देवाला वाहायची. ठीक आहे, मान्य. फक्त फुलं कोणती ते दुसऱ्यानं आधीच तोडून हातात दिलेली नसावीत.

गुरुवार : अंबाजोगाई

आत्या सप्ताह सोडून निघायला तयार नव्हती. मंगळवारी काल्याला परत येऊ ह्या बोलीवर निघाली. परळीवरून अंबाजोगाई, घाटात गाडी हळू.

योगेश्वरी कुमारिका आहे. गोष्ट अशी की परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड तिथल्या तिथं दगड झालं आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली. म्हणजे जिचं लग्न झालंच नाही ती आई. आणि तिच्या समोर ओटी भरायला उभं राहिलं की पहिला प्रश्न काय, सवाष्ण आहात का. मला कुंकू लागलं. आत्याच्या कपाळाकडं बघून बाईंनी हात मागं घेतला, अगदी नकळत, वाईट हेतू काहीच नसावा. ती नारळ घेऊन उभीच होती. नारळ घेतला, कुंकू नाही.

बाहेर येऊन आत्यानं पिशवीतून बुक्क्याची डबी काढली आणि स्वतः लावला, मलाही लावला, माझ्या कुंकवाच्या वरती. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं. विठोबाच्या दारात बुक्का सगळ्यांना लागतो, विधवा, सवाष्ण, कुमारिका, बापे, पोरं, कुणाला काही विचारत नाहीत. आत्या वयाच्या तिशीत माळकरी झाली ती का, ह्याचं उत्तर मला त्या काळ्या बोटात थोडंफार दिसलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ मधे विधवांच्या प्रथा बंद करायचा ग्रामपंचायतीत ठराव केला, मग सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली ठराव चांगला हाय, पण देवीच्या पुढं कुणी वाचून दाखवला का?

मुकुंदराजांच्या समाधीकडं जायचं राहिलं, वेळच नव्हता.

शुक्रवार : तेर

लातूर, मुरूड, ढोकी करत तेर. तेरणेचा काठ. जुनं तगर ते हेच, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू ठेवल्यात, बघण्यासारखं आहे. पण आम्ही गोरोबाकाकांसाठी आलो होतो.

गोरोबांच्या दोन गोष्टी सगळ्यांना माहिती. पहिली मडक्याची. सगळे संत जमलेले, त्यात मुक्ताबाई वयानं सगळ्यात लहान, ती विचारते काका हे थापटणं कशाचं, काका म्हणतात मडकं कच्चं की पक्कं बघायचं, ती म्हणते मग आमचीही बघा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं, सगळे गप्प बसले, नामदेव चिडले, निघाले कच्चे. त्यातूनच ते पुढं विसोबांकडं गेले. म्हणजे महाराष्ट्रातल्या एवढ्या मोठ्या संताला गुरू करायला लावला तो एका पोरीनं, आणि त्या पोरीला तिथं कुणी म्हणलं नाही की मोठ्यांच्यात बोलू नको. सप्ताहातल्या त्या ओट्यावरच्या पोरीला मडकं वाजवायला कोण देतंय.

दुसरी गोष्ट मात्र आत्याला सहन होत नाही. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना लेकरू पायाखाली आलं. पुजारी सांगत होते, काय ती तल्लीनता, देहभान नाही! आत्या मधेच म्हणाली, "अन् संती?" पुजारी थांबले. संती म्हणजे गोरोबांची बायको. "लेकरू संतीचं गेलं. ती पाणी आणायला गेली व्हती, बघा म्हणून सांगून. त्याचे अभंग आपण गातोत, तिनं काय म्हणलं ते कुणी लिहून ठिवलं का?"

पुजारी भले माणूस, वाद घातला नाही. म्हणले आई, शेवटी देवानं लेकरू परत दिलं की. आत्या म्हणाली ते दिलं ते बरं केलं, पण मधल्या दिवसांचं काय.

मी आजवर ही गोष्ट दहा वेळा ऐकली असंल, दर वेळी गोरोबांच्या बाजूनं. तल्लीन व्हायला मोकळीक लागते. चिखलात नाचणाऱ्याच्या मागं कुणीतरी लेकरावर नजर ठेवणारं असावं लागतं, आणि ते माणूस पाण्याला गेलं की काय होतं ते ह्या गोष्टीत आहेच.

शनिवार : पैठण

प्रवास लांबचा, बीडवरून. गाडी फुल, आत्याला कंडक्टरनं स्वतःची जागा दिली, मी गेवराईपर्यंत उभी.

नाथांचा वाडा, मग गोदाकाठची समाधी. एकनाथ १५३३ ते १५९९. नाथषष्ठीच्या यात्रेला पाय ठेवायला जागा नसते, ह्या वेळी निवांत होतं. नाथांच्या भारुडातली सून भवानीआईला नवस बोलते की सासऱ्याला खपव, सासूला खपव, नणंदेचं पोर, दादला, सगळ्यांचं बघ, मला एकटीला राहू दे, मग रोडगा वाहते. अर्थ आध्यात्मिक आहे, सासरा म्हणजे अहंकार वगैरे, ते मान्य. पण वारीत भारूड लागतं तेव्हा बाया ज्या जोरात हसतात ते काही अहंकार गेल्याच्या आनंदात नाही. आणि ते भारूड करणारा बहुतेक वेळा लुगडं नेसलेला बापया असतो. बाईचं मन बाईच्या वेशात बाप्यानं बोलायचं आणि बाईनं समोर बसून हसायचं. चाललंय.

पैठणला नाथांच्या आधी तीनेकशे वर्षं चक्रधरस्वामी राहून गेले, हे वारकरी मंडळी फार बोलत नाहीत, महानुभाव बोलतात. त्यांच्याकडं बायका मोठ्या संख्येनं होत्या. महदाइसा त्यांतलीच, तिचे धवळे म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीची रचना. लीळाचरित्रात विटाळाचा विषय निघतो तेव्हा स्वामी सरळ सांगतात की नाकाला शेंबूड येतो, कानाला मळ येतो तसाच हा शरीराचा एक स्राव, धुतला की झालं. तेराव्या शतकात! आणि चोखोबांची बायको सोयराबाई तर त्याच्याही पुढं जाते, 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म'. विटाळाशिवाय जन्मलेला एक तरी देह दाखवा, असं ती विचारते.

हे मी आत्याला संध्याकाळी लॉजवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, पाय चोळत बसली. मग म्हणाली, "सोयराबाईचं म्या म्हणलेलं हाय भजनात. अर्थ म्हाईत व्हता. पण आपल्याला म्हणलंय असं वाटलं नव्हतं, जातीवरनं म्हणलंय वाटलं." थोड्या वेळानं परत, "ती पोरगी भाईर बसली व्हती ना चपलापाशी." बस, त्यावर आमचं बोलणं संपलं.

पैठणी बघायला गेलो. बघितली आणि ठेवली.

रविवार : वेरूळ, देवगाव, शिऊर

घृष्णेश्वर. इथं गाभाऱ्यात जाताना बाप्यांना शर्ट-बनियन काढावं लागतं, बायांना तसंच सोडतात, त्यामुळं रांगेत एक काका पोट आत ओढून उभे होते आणि आत्या त्यांच्याकडं बघून पहिल्यांदा ह्या ट्रिपमधे खळखळून हसली. देवाचं नाव मात्र बाईवरून. घुश्मा रोज मातीच्या पिंडी करून विसर्जन करायची, सवतीनं तिचं पोर मारलं तरी तिनं पूजा मोडली नाही, म्हणून घुश्मेश्वर. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, म्हणजे नाव विधवेचं नाही पण दगड विधवेनं रचले. आत्यानं दगडाला हात लावून कपाळाला लावला.

पुढं देवगाव रंगारी, संत बहिणाबाईंचा जन्म इथला, १६२८ चा. (खानदेशातल्या चौधरी बहिणाबाई वेगळ्या, बरेच जण एक समजतात.) आणि मग शिऊर, वैजापूर तालुका, सासर आणि समाधी दोन्ही इथंच.

तीन वर्षांची असताना तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न. हे तिनंच स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलंय, आत्मचरित्रच आहे ते. कर्ज आणि भाऊबंदकीमुळं घर सोडून फिरत फिरत कोल्हापूर. तिथं जयरामस्वामींचं कीर्तन, एक वासरू जे तिच्या मागं मागं कीर्तनाला यायचं, आणि त्यावरून नवऱ्यानं बांधून मारलं. पुढं तुकोबांनी स्वप्नात उपदेश दिला. ब्राह्मणाची बायको आणि गुरू शूद्र, नवरा पेटलाच. मग तो आजारी पडला, निवळला, आणि दोघं देहूला गेली.

तिचं मन मला फार जवळचं वाटतं कारण ते सरळ नाही. 'वेद हाका देती पुराणे गर्जती, स्त्रियेच्या संगती हित नोहे. मी तो सहज स्त्रियेचाचि देह, परमार्थाची सोय आता कैसी'. बाईच्या संगतीत हित नाही म्हणता, मग मी बाईच आहे, मी कुठं जाऊ? आणि हीच बाई दुसरीकडं पतिव्रतेचे धर्म सांगते, नवरा हाच देव म्हणते, ओळीच्या ओळी. तिला नुसती बंडखोर करून टाकणं सोपंय आणि नुसती पतिव्रता करणं त्याहून सोपं. दोन्ही तिनंच लिहिलंय. ब्राह्मण कोण, हे विचारणारी वज्रसूची तिनं मराठीत आणली. जात बघून ब्राह्मण ठरतो का, देह बघून ठरतो का, विद्या बघून ठरतो का, एकेक खोडत जाते आणि शेवटी ज्यानं ब्रह्म जाणलं तो ब्राह्मण. जातीच्या बाबतीत एवढं स्पष्ट बोलणारी बाई नवऱ्याच्या बाबतीत तसं बोलत नाही. का बोलत नाही ते मार खाल्लेल्या बाईला विचारायला पाहिजे, मला काय कळणार.

समाधीपाशी गावातल्या दोन-तीन बाया वाती वळत बसल्या होत्या. बोलता बोलता सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाचा विषय निघाला, ह्या भागातला सगळ्यात मोठा सप्ताह. तिथंही आमटी मोठाल्या कढयांत आणि भाकरी गावोगावच्या घरांतून गाड्या भरून. एकीनं अभिमानानं सांगितलं आमच्या गल्लीच्या इतक्या पाट्या गेल्या. आत्यानं विचारलं, आन् वीणा कोण घेतं? त्या म्हणल्या, बापे. कधी मागितली का? त्या एकमेकींकडं बघून हसल्या, आम्हाला कुठं वेळ असतोय माय. मग त्यांतली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "मागायचं असतं व्हय? म्या समजले देतेत."

संभाजीनगरच्या गाडीत बसल्यावर आत्यानं माझ्याकडून फोन लावून घेतला, पुतण्याला, म्हणजे अध्यक्षांना. मागं भोंग्याचा आवाज येत होता.

"सोमवारी रात्री दोन ते चार कुणाचं नाव पडलं का?"

"नाही ना काकू. थंडी लई हाय, कुणी घेईना."

"माझं टाक."

तिकडं शांतता. मग, "तसं अजून कुणी बाईनं घेतलेला नाही आपल्यात. महाराजांना विचारतो."

"विचार. पण रेघ मारलेल्या जागी नाव लिहून मग विचार. आन् त्या पोरीला सांग उद्या पारायणाला आत बस म्हणून, माझ्या शेजारी."

"काकू, दोन तास उभं राहणं व्हईल का तुमच्यानं?"

"नाही झालं तर भाची हाय सोबत. तिचंबी टाक."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी गाडीतूनच मंगळवारची रजा टाकली.